हर्बल आहे, मॅडम!

पेस्ट कंट्रोलच्या ऑफिसातून फोन आला. पत्ता विचारला. खोल्या किती ते विचारलं. झुरळं मोठी की बारकी, तेही विचारलं. मग पाठ केल्यासारखा एका दमात शेवटचा प्रश्न: ‘घरात लहान मूल, आजारी माणूस, पाळीव प्राणी?’

‘नाही, नाही, नाही,’ मी म्हटलं.

म्हटलं तेव्हा मी फिश टँकला टेकून उभी होते. आत 11 मासे.

खोटं बोलायचं नव्हतं हो. सुचलंच नाही. मासा ताटात असला तर जेवण आणि टाकीत असला तर फर्निचर. प्राणी तो होतो कधी?

‘कुत्रा-मांजर चालणार नाही’ असं भाडेकरूला तीनदा बजावणारे घरमालकही फिश टँक पाहिला की म्हणतात, ‘वा, हॉलला शोभा आली.’ शोभेला कोण विचारतं, तुला दमा आहे का?

आदल्या रात्रीची तयारी बघायला हवी होती. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या रिकाम्या. भांडी पलंगावर. डाळ-तांदळाचे डबे बेडरूममध्ये, वर जुनी चादर. कणकेला सासूबाईंनी एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधलं. देव्हाऱ्यावर धुतलेला पंचा. दात घासायचे ब्रशसुद्धा कपाटात गेले.

देव झाकले, कणीक झाकली, ब्रश झाकले. आणि मासे?

‘ते तर पाण्यात आहेत ना!’

हा युक्तिवाद मी आजवर किमान चार सुशिक्षितांच्या तोंडून ऐकलाय. त्यातले एक केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेत. ज्या घरात रात्री उघडा राहिलेला पाण्याचा पेला सकाळी झाडाला घालतात, त्याच घरात 57 लिटर उघडं पाणी मात्र चिलखत असतं.

सकाळी माणूस आला. हातात पंप, खांद्यावर नळी, तोंडाचा मास्क हनुवटीवर. हनुवटी अगदी सुरक्षित.

‘दादा, मासे आहेत. काही होणार नाही ना?’

‘काही होत नाही, मॅडम. हर्बल आहे. वास पण नाही.’

बस. घरात सगळ्यांचे चेहरे सैलावले.

आपली परीक्षा एकाच प्रश्नाची असते. वास येतो का? आला तर विष, नाही आला तर तीर्थ. पूर्वी ढेकणांच्या औषधाचा दर्प दोन दिवस डोकं धरायचा. डायक्लोरव्हॉससारखी औषधं असत त्यात. 31 डिसेंबर 2020 पासून त्याच्यावर देशात बंदी आहे. पण त्या दर्पाचा एक फायदा होता. लोक निदान खिडक्या उघडायचे आणि पोरांना आजीकडे धाडायचे.

कंपन्यांनी वास काढून घेतला. सावधपणा आपण आपल्या हाताने काढला.

आता ‘हर्बल’चं बघू. हर्बल म्हणजे झाडपाल्याचं, आणि झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, असं आपलं साधं गणित. हे गणित सह्याद्रीतल्या एखाद्या डोहाकाठी राहणाऱ्या म्हाताऱ्याला सांगून बघा. गेळ्याची फळं ठेचून पाण्यात घातली की मासे गुंगून वर येतात, हे त्याच्या आज्यालाही ठाऊक होतं.

मासे मारायची सगळ्यात जुनी पद्धत हर्बलच आहे, मॅडम.

बाटलीवरची चिठ्ठी मागितली. माणूस जरा नाराज झाला. मिठाईवाल्याला खवा कुठला विचारावं, तसा. चिठ्ठीवर नाव होतं सायपरमेथ्रिन. कुठे डेल्टामेथ्रिन असतं, कुठे लॅम्डा-सायहॅलोथ्रिन. नावाच्या शेपटीला ‘थ्रिन’ दिसलं की समजायचं, घराणं एकच.

या घराण्याची मूळ बाई खरंच फूल होती. शेवंतीच्या नात्यातलं पांढरं पायरेथ्रम. त्याच्या वाळलेल्या फुलांच्या भुकटीने किडे मरतात, ही जुनी माहिती. पण फुलातलं औषध उन्हात टिकेना. मग 1973 साली इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात मायकेल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाला दाद न देणारी नक्कल घडवली. ती परमेथ्रिन. वर्षभरात डेल्टामेथ्रिन आलं. म्हणजे आजच्या औषधाची पणजी फूल होती, एवढं कबूल.

माझी पणजी उपास करायची. त्यावर माझं वजन ठरत नाही.

बरं, मूळ फुलातलं औषध तरी माशाला सोसतं का? तेही नाही. नैसर्गिक आणि नक्कल, दोन्ही माशाच्या बाबतीत सारखीच निर्दय.

कारण साधं आहे. ही औषधं मज्जातंतूंचं दार उघडं धरून ठेवतात. मज्जातंतू एकदा वाजला की वाजतच राहतो. माणसाच्या पोटात थोडं गेलं तर यकृत त्याचे भराभर तुकडे करून बाहेर काढतं. माशाच्या यकृताला ते काम नीट जमत नाही. त्यात तो श्वास घेतो कल्ल्यांनी, अखंड पाणी गाळत. चरबीत विरघळणारं औषध कल्ल्यांतून थेट रक्तात. मग मासा टाकीभर पिसाटासारखा धावतो, उड्या मारतो, तोल जाऊन कुशीवर पडतो.

आपण म्हणतो, ‘आज काय मस्तीत आहे बघ!’

किती औषध पुरतं? माशांच्या बऱ्याच जातींना लिटरमागे दोन-चार मायक्रोग्रॅम खूप झाले. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत 57 लिटर पाणी बसतं. हिशेब करा. सगळ्या टाकीला मिळून मिठाच्या दोन-चार कणांएवढं. खडे नाही म्हटलं मी. कण.

आणि कोळंबी पाळली असेल तर विचारूच नका. झुरळ आणि कोळंबी दोघंही संधिपाद, म्हणजे लांबचे भाऊबंद. भावाला मारायला आणलेलं औषध भावाला ओळखतं.

पण एवढे कण टाकीत जातात कसे? माणूस काही टाकीवर नळी धरत नाही. तो ओट्याखाली मारतो, मोरीत मारतो, सोफ्यामागे मारतो.

आत ओढतो आपण. स्वखर्चाने.

टाकीशेजारी तो घरघर करणारा चिमुकला एअर पंप असतो ना, तोच. खोलीतली हवा ओढायची आणि नळीने थेट पाण्याच्या तळाशी सोडायची, याच कामावर त्याला ठेवलाय. मिनिटाला दोन लिटर हवा धरली तरी तीन तासांत 360 लिटर. फवाऱ्याचे बारीक थेंब तरंगत असलेली, खिडक्या बंद केलेल्या खोलीतली हवा. पाण्यात बुडबुडा-बुडबुड्याने मुरवलेली. एवढ्या निष्ठेने तर रुग्णालयातही कोणी सलाईन लावत नाही.

आणि आपण काय सांगून बाहेर पडतो? ‘पंप चालू ठेव हं, बिचाऱ्यांना श्वास लागतो.’

म्हणून पहिलं काम पंप बंद. बंद म्हणजे नळीही पाण्याबाहेर. नाहीतर नळीतून पाणी उलटं उतरून पंपात, पंपातून बोर्डात, आणि मग पेस्ट कंट्रोलवाल्याच्या आधी वायरमन.

‘पंप बंद केला तर गुदमरतील की!’ सासूबाई.

प्रश्न रास्त आहे. उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. पाण्यात प्राणवायू मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून येतो. बुडबुड्यांचं मोठं काम म्हणजे तो पृष्ठभाग हलता ठेवणं. टाकीत मोजके मासे असतील तर पंपाविना तीन-चार तास सहज निघतात.

मोजके. इथेच तर सगळं अडतं.

आपल्याकडे दोन फुटी टाकीत 25 मासे असतात. का, तर ‘भरलेली बरी दिसते’. चाळीतल्या एका खोलीत अकरा जणांचं बिऱ्हाड कसं राहायचं, यावर गहिवरून बोलणारी माणसं हॉलमध्ये तीच खोली काचेची करून ठेवतात. त्यात पेस्ट कंट्रोल काढायचं मे महिन्यात, सुट्टीत गावी जायच्या मुहूर्तावर. पाणी तापलं की प्राणवायू कमी धरतं. 25 अंशांना लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या थोडा वर, 30 अंशांना साडेसात. त्यावर प्लॅस्टिक, त्यावर ओली चादर, आणि सकाळीच ‘आज दिवसभर उपाशी राहतील’ म्हणून घातलेलं दुप्पट खाणं.

उलट करायचं असतं ते. आदल्या दिवसापासून खाणं बंद. मासा एक दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही. माणूसही मरत नाही, पण ते सासूबाईंना सांगायची माझी प्राज्ञा नाही.

आमच्या मजल्यावरचे काका सल्ला द्यायला आलेच. ‘सोपं आहे. टाकी उचला, गॅलरीत ठेवा.’ उचला! 57 लिटर पाणी म्हणजे 57 किलो, वर काच, वाळू आणि तो प्लॅस्टिकचा किल्ला. चार फुटी, दीड बाय दीडची असेल तर पाव टन. उचलताना काच वाकते, सिलिकॉनचा जोड सुटतो, आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या घरी अवेळी पाऊस.

काकांना मी म्हटलं, ‘काका, एक बाजू तुम्ही धरा.’ काकांना एकदम फोन आला.

काकांचा सल्ला वाया गेला, पण त्यांच्या घराचा उपयोग झाला. त्यांच्याकडे त्या दिवशी फवारणी नव्हती. पंप त्यांच्या खोलीत ठेवला, लांब नळी दोन्ही घरांच्या गॅलऱ्यांतून फिरवून आमच्या टाकीत सोडली. हवा त्यांची, मासे आमचे. सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा दोन फ्लॅटमध्ये काहीतरी वाहिलं आणि त्यावरून भांडण झालं नाही.

टाकीच्या काठाला चहूबाजूंनी प्लॅस्टिक, कडेला चिकटपट्टी, नळी शिरते तिथे चिंधी, वर ओला टॉवेल. झाकण आहे ना, मग प्लॅस्टिक कशाला, असं नवरा म्हणाला. झाकणाला दिव्याच्या वायरीची फट, फिल्टरची फट, खाणं टाकायची खिडकी. ते झाकण मांजरासाठी असतं. वाफेला ते आमंत्रण वाटतं.

फिल्टरची वेगळीच गंमत. पाण्यात बुडवलेला पॉवर फिल्टर असेल, तर त्याची हवा ओढणारी बारकी नळी तेवढी बंद करायची आणि फिल्टर चालू द्यायचा. सगळेच बटण दाबून मोकळे होतात. फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची वसाहत असते. माशांच्या घाणीतून सुटणारा अमोनिया तेच पचवतात. त्यांनाही वाहतं पाणी आणि प्राणवायू लागतो. बटण दाबून आपण दोन दिवस गावी गेलो की वसाहत मरते, अमोनिया साचतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मासे उलटे.

तोवर पेस्ट कंट्रोलला केव्हाच क्लीन चिट मिळालेली असते. ‘त्याने व्हायचं असतं तर लगेच नसतं झालं?’

आणि बरणीतला तो एकटा फायटर? त्याला ना पंप, ना फिल्टर. म्हणून तो सुरक्षित, असा आपला समज. फायटर आणि गुरामी हे मासे पाण्याच्या वर तोंड काढून खोलीतली हवा गिळतात. कल्ल्यांच्या जोडीला तसा खास अवयवच असतो त्यांना. म्हणजे बाकीच्या माशांना पंपाने पोचवावं लागतं ते हा स्वतः वर येऊन घेतो. त्याची बरणी बंदही करता येत नाही, गुदमरेल. पण ती उचलता येते. शेजारी न्या. पाच मिनिटांचं काम.

पाच मिनिटं कोणाकडे आहेत? कणकेला तिसरी पिशवी घालायची होती.

मधल्या वेळात मी चिठ्ठीवरचा रंगीत त्रिकोण बघून घेतला. आपल्याकडे 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम आहेत. त्यांप्रमाणे प्रत्येक डब्यावर रंग लागतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. निळा-हिरवा दिसला की ग्राहक खूश. पण हे रंग ठरतात उंदरासारख्या सस्तन प्राण्याला किलोमागे किती मिलिग्रॅम दिल्यावर तो मरतो, त्यावर. माशाचं त्यात काही नाही. हिरवा रंग एवढंच सांगतो की तुमच्या घरातले उंदीर खुशाल राहतील.

हो, उंदरांसाठी वेगळं पॅकेज आहे. माणसाने लगेच सांगितलं.

त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. हा धंदा करायला परवाना लागतो, तो मालकाच्या ऑफिसात फ्रेम करून टांगलेला असतो. नळी धरणाऱ्या पोराला औषध किती मिसळायचं ते झाकणाच्या मापाने शिकवलंय. त्याला मास्क नीट लावायला कोणी सांगितलं नाही, तो माशांची काय काळजी घेणार? त्याचे कल्ले तरी कोण मोजतंय.

फवारा मुळात हवाच कशाला, हा प्रश्न मी उशिरा विचारला. झुरळांसाठी जेल मिळतं. बिजागरीत, ट्रॉलीच्या कोपऱ्यात, मसुराएवढे ठिपके. झुरळ खातं, बिळात जाऊन मरतं. हवेत काही उडत नाही. फक्त ते फिश टँकच्या स्टँडवर किंवा झाकणावर लावायचं नाही, कारण त्यात फिप्रोनिलसारखं काहीतरी असतं आणि पाण्यात पडलं तर मामला तोच. घरात टाकी असेल तर जेल मागावं, इतकं सरळ आहे.

पण जेल लावलेलं दिसत नाही ना! पैसे दिल्यासारखं वाटायला फस्स् आवाज लागतो. मग लोक जेलही लावून घेतात आणि वरून फवाराही मारून घेतात. फवाऱ्याने बिथरलेलं झुरळ जेलच्या जवळ फिरकत नाही. दोन्हीचे पैसे गेले, झुरळ जिवंत.

आता एक ताडून बघा. तुमच्या टाकीची वायर कुठल्या बोर्डात आहे? एका खाचेत एअर पंप, दुसऱ्या खाचेत टाकीचा दिवा, आणि तिसऱ्या खाचेत? डासांचं मशीन. बाटलीत बहुधा ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन. शेपटी बघितलीत? पंपापासून चार बोटांवर रोज रात्रभर तेच घराणं धुमसत असतं, आणि आपण वर्षातून एकदा टॉवेल घेऊन धावतो.

मशीन दुसऱ्या खोलीत लावायला कोणाचा विरोध आहे? कोणाचाच नाही. तिथे चार्जर असतो.

डासांवरून आठवलं. आपल्या सरकारला मासा आणि औषध दोन्ही प्रिय. गँबुसिया हा डासांच्या अळ्या खाणारा मासा 1928 साली इटलीहून भारतात आणला. गप्पी तर आता घरच्यासारखा झालाय. महापालिकांचे हिवताप विभाग तो विहिरीत, टाक्यांत, कारंज्यांत सोडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘गप्पी मासे पैदास केंद्र’ अशी पाटी आणि सिमेंटचा हौद दिसतो. आणि पावसाळ्यात संध्याकाळी त्याच आरोग्य खात्याचा माणूस डिझेलमध्ये औषध मिसळून धुराचं यंत्र घेऊन गल्लीत येतो.

सकाळी नेमणूक, संध्याकाळी धूर. सरकारी नोकरीत गप्पीलाच तेवढी शाश्वती नाही.

धूर आला की खिडक्या लावायच्या, हे आपल्याला कळतं. पोरं मात्र धुरामागे धावतात, ढगात शिरल्याच्या आनंदात. पंप त्याहून निरागस. तो जागेवर बसून ढग ओढतो.

ज्याला इंग्रजीत फ्युमिगेशन म्हणतात, ते आपण करतो त्याहून वेगळं असतं. तिथे खरा वायू लागतो. गोदामातल्या धान्यासाठी वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या दमट हवेत फॉस्फिन सोडतात. अमेरिकेत वाळवीसाठी अख्ख्या घरावर तंबू ठोकून सल्फुरिल फ्लोराईड भरतात. तिथे टॉवेल-चिकटपट्टीचा काही उपयोग नाही. माणसं, कुत्री, कुंड्या, मासे, सगळे घराबाहेर. फॉस्फिनच्या गोळ्या राहत्या घरात ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडेही येतात, कधी शेजारच्या घरातली. ‘जालीम आहे, एकदाच ठेवा’ असं म्हणून कोणी त्या आणून दिल्या, तर त्याला तिथूनच परत पाठवा. यावर विनोद करण्यासारखं काही नाही.

पुढे चला.

समजा, मासा मेलाच. मग काय म्हणतात घरात?

‘घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं.’

वास्तूवाले सांगतात म्हणून आपण नऊ मासे आणतो, आठ सोनेरी आणि एक काळा. काळा दृष्ट ओढून घ्यायला. कोणी फ्लॉवरहॉर्न आणतं, त्याच्या कपाळाचा उंचवटा म्हणजे नशीब. कोणी हजारो रुपये मोजून अरोवाना आणतं, लक्ष्मी यावी म्हणून. मग पेस्ट कंट्रोलच्या दुसऱ्या दिवशी मासा पोट वर करून तरंगतो, आणि घरातली वडीलधारी हात जोडतात.

विज्ञानाच्या दृष्टीने यात एक अक्षरही चूक नाही. संकट घरावरच होतं, औषधाचं. अंगावर त्यानेच घेतलं. फक्त ते आणलं कोणी, पावती कोणाच्या नावावर आहे, एवढं विचारायचं नसतं. श्रद्धेचा प्रश्न आहे.

कोळशाच्या खाणीत पूर्वी पिंजऱ्यातला पक्षी नेत. पक्षी गळाठला की माणसं बाहेर पळत. आमच्याकडे मासा गळाठला की माणसं नवा मासा आणायला क्रॉफर्ड मार्केटला पळतात.

फवारणी आटोपली. माणूस म्हणाला, ‘दोन तासांनी या.’ सगळे दोन तासांनी आले आणि आधी काय केलं? एसी लावला. खिडक्या बंद. वाफ आत, आपण आत, मासे आत, वीजबिलाची बचत.

खिडक्या उघडायच्या, पंखे फुल, तासभर तरी हवा खेळू द्यायची. टॉवेल काढायचा तो बाहेरची बाजू आत दुमडून. तोच टॉवेल टाकीवर झटकणारे महाभाग मी पाहिलेत. हात साबणाने धुऊन, नीट खळबळून मग झाकण. शंका असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन. ही औषधं पाण्यापेक्षा कोळशाला चिकटून बसणं पसंत करतात. शिवाय तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारणारे थेंब टाकून.

आणि बादली? नवऱ्याने समोर दिसली ती उचलली. लाल. रोज फिनाईलने फरशी पुसायची.

विषापासून वाचलेल्या माशांना मारायला आपण कुठे कमी पडत नाही.

रात्री पाणी प्यायला उठले. आमचे 11 च्या 11 शाबूत. हॉलमध्ये दिवा लावला तर टाकीच्या स्टँडखालून एक झुरळ निघालं. मागोमाग दुसरं. निवांत, शतपावलीला निघाल्यासारखं.

त्यांचं बरोबर होतं. अख्ख्या घरात फवारा न मारलेली एकच जागा उरली होती, टाकीचं स्टँड. आम्हीच झाकून ठेवलेली. अंधार, ऊब, ओल, वरून सांडलेलं माशांचं खाणं. झुरळांनी शरणार्थी छावणी उघडली होती. शिवाय जर्मन झुरळांच्या कित्येक पिढ्यांनी ही ‘थ्रिन’ औषधं पचवायला शिकून घेतलंय, जगभर. अमेरिकेत मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात डीडीटी पचवणारे गँबुसियाही 1960 च्या दशकात सापडले होते. जमतं माशाला. फक्त पिढ्यान् पिढ्या खपाव्या लागतात.

आमच्या 11 जणांकडे तेवढा वेळ नाही.

एका झुरळाने काचेवर चढून झाकणाच्या खिडकीत मिशा घातल्या. खालून काळा मोली वर आला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नवरा स्वयंपाकघरातून फवाऱ्याचा डबा घेऊन धावला. मी आयुष्यात पहिल्यांदा झुरळाच्या आणि नवऱ्याच्या मध्ये उभी राहिले.

पंधरा दिवसांनी ऑफिसातून फोन. अंड्यांच्या पेटीपर्यंत औषध पोचत नाही, पिल्लं बाहेर आली असतील, म्हणून दुसरी सर्व्हिस. पत्ता, वेळ, खोल्या. मग तेच: ‘लहान मूल, आजारी माणूस, पाळीव प्राणी?’

‘आहेत,’ मी ठणकावून सांगितलं. ‘पाळीव प्राणी आहेत.’

‘कुत्रा की मांजर?’

‘मासे. 11.’

पलीकडे जरा वेळ शांतता. पेनाचा आवाज.

‘म्हणजे तसे नाहीतच ना, मॅडम?’